स्वयंपाकघरातली चिमणी: कोणती घ्यावी, कशी बसवावी, आणि मुळात घ्यावी का?

मंजिरी_ठाणे

ओटा नव्याने करतोय. ट्रॉल्यांच्या माणसाला या आठवड्यात चिमणीचं माप हवंय, म्हणून घाईघाईत धागा काढतेय.

स्वयंपाकघर ८ बाय १०, उंची साडेनऊ फूट. ओटा एल आकाराचा. शेगडी ज्या भिंतीला आहे तिच्या पलीकडे शेजाऱ्यांची बेडरूम, त्यामुळे तिथून थेट बाहेर पाइप काढायचा प्रश्नच नाही. खिडकी सिंकवर, शेगडीपासून साधारण नऊ फुटांवर. म्हणजे पाइप कपाटांच्या वरून फिरवून खिडकीपर्यंत न्यावा लागणार. शेगडी चार बर्नरची. घरात मासे नेहमीचेच, आणि सासूबाईंना रविवारी सुके बोंबील भाजल्याशिवाय सुट्टी असल्यासारखं वाटत नाही.

दुकानं फिरलो आणि डोकं फिरलं. एक म्हणतो, १२०० चं सक्शन पुष्कळ झालं. दुसरा म्हणतो, नॉनव्हेज असेल तर १५०० च्या खाली बघूच नका. तिसरा म्हणाला, "पाइप लांब जातोय ना? मग डक्टलेस घ्या, झंझटच नको." ट्रॉल्यांचा माणूस म्हणतो, सिंकच्या मागे प्लंबिंगचं डक्ट आहे, त्यात तोंड सोडून देऊ, कुणाला कळतंय. सासूबाईंचं म्हणणं, एवढी वर्षं एक्झॉस्ट फॅनवर निघाली, आता कशाला ती धूड डोक्यावर टांगायची.

तर ६० सेंटिमीटर की ९०? जाळीची की फिल्टरलेस? ऑटोक्लीनला खरंच अर्थ असतो का? अनुभव सांगा. ब्रँडची नावं व्यनितून (खाजगी निरोपातून) सांगितलीत तरी चालेल, इथे भांडणं नकोत.

फुकट_सल्लागार

सुके बोंबील भाजणार असाल तर चिमणी शेजाऱ्यांना विचारून घ्या. अर्धे पैसे तेच देतील.

कोल्हापुरी_ठसका

वाचतोय. आमच्याकडेही हाच वाद सुरू आहे, फरक इतकाच की बोंबलाच्या जागी चटणीचा मसाला.

वातायन

वातानुकूलनाच्या कामात बरीच वर्षं आहे, त्यामुळे जरा मोठं लिहितो. घाईत असाल तर शेवटचा परिच्छेद वाचा.

आधी त्या १२००-१५०० चं भूत उतरवू. हा आकडा म्हणजे तासाला किती घनमीटर हवा ओढली जाते तो. मंजिरीताई, तुमची खोली ७६० घनफूट, म्हणजे साडेएकवीस घनमीटरच्या आसपास. तासाला पंधरा वेळा सगळी हवा बदलायची म्हटलं तरी सव्वातीनशे घनमीटर पुरतात. मग खोक्यावर १५०० कशाला? कारण तो आकडा बहुतेक वेळा पाइप न जोडता, मोकळ्या तोंडाने, सर्वांत वरच्या वेगावर मोजलेला असतो. घरात तो कधीच मिळत नाही. साधा हिशोब करून बघा: सहा इंची पाइपातून तासाला १५०० घनमीटर हवा खरोखर जायची तर तिला ताशी ८५ किलोमीटर वेगाने धावावं लागेल. घरगुती चिमणीच्या मोटरच्या आवाक्यातली ती गोष्ट नाही. प्रत्यक्षात पाचसहाशे मिळाले तरी तुमचं काम झालं.

ते पाचसहाशे मिळतील की नाही, हे मोटरपेक्षा पाइपवर ठरतं. लांबी, कोपरे आणि व्यास. त्यातला व्यास सगळ्यात महत्त्वाचा. चिमणीचं तोंड सहा इंची असतं आणि बसवणारा "भोक लहान पडलंय" म्हणून पुढे चार इंची रिड्यूसर ठोकून मोकळा होतो. सहाचा वर्ग ३६, चारचा १६. वाट निम्म्याहून कमी झाली. मग मोटर ओरडते आणि धूर आरामात खोलीत फिरतो.

कोपऱ्यांचंही तसंच. एका काटकोनाऐवजी ४५ अंशांची दोन वळणं घ्या. ॲल्युमिनियमची लवचीक नळी वापरणार असाल तर ती पूर्ण ताणून जेवढी लागेल तेवढीच ठेवा. बसवणारे जास्तीची नळी कापत नाहीत, कपाटाच्या वर तशीच दुमडून ठेवतात. त्या चुण्यांत हवा अडते आणि तेल साचतं. नऊ फूट आणि दोन वळणं हे काही अशक्य काम नाही. शक्य असेल तर सरळ भागात जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाच्या गुळगुळीत पत्र्याचा पाइप घ्या आणि लवचीक नळी फक्त दोन्ही टोकांना.

थोडक्यात, आधी पाइपचा मार्ग नक्की करा, मग चिमणीच्या दुकानात जा. रुंदीला शेगडीपेक्षा थोडी मोठीच घ्या, म्हणजे चार बर्नरला ९०. शेगडीपासून उंची ६५ ते ७५ सेंटिमीटर, नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतो. ट्रॉल्यांचा माणूस "दिसायला चांगलं दिसतं" म्हणून आणखी वर चढवेल. चढवू देऊ नका.

फुकट_सल्लागार

ताशी ८५? बोर घाटात बोंबलाच्या वासाला चलान बसेल.

पमाकाकू_दादर

सगळे चिमणीवर तुटून पडलेत म्हणून मी सासूबाईंच्या बाजूने बोलते. आमच्याकडे शेगडीला लागूनच खिडकी, खिडकीत बारा इंची एक्झॉस्ट. पापलेट काय, कोलंबी काय, गणपतीतल्या मोदकांची वाफ काय, सगळं तो खेचतो. दर दिवाळीच्या आधी पंखा खाली काढायचा, पाती गरम पाण्यात आणि भांड्याच्या साबणात घासायची, की वर्षभर बघायला नको. दीड-दोन हजारांत काम. सुनेने चिमणी घेतली, तिच्यात दिवा आहे, काच आहे, हात हलवला की चालू होते. परवा मी डासाला मारायला हात उगारला तर तीच सुरू झाली.

आणि एक, फोडणीवर झाकण घालायला शिका की गं. निम्मा धूर तिथेच थांबतो.

वातायन

काकू, तुमच्या घरात एक्झॉस्टच योग्य, हे मी लिहून द्यायला तयार आहे, कारण शेगडी आणि खिडकी शेजारी आहेत. मंजिरीताईंकडे नऊ फुटांचं अंतर आहे. तिथे फॅन लावला तर धूर शेगडीवरून निघून, करणाऱ्याच्या तोंडावरून, सगळ्या कपाटांना ओलांडून मग खिडकीत जाणार. आणि त्या फॅनला पाइप जोडून उपयोग नाही. पात्यांचा फॅन मोकळ्यावर भरपूर हवा फेकतो, पण समोर अडथळा आला की हात टेकतो. चिमणीत ब्लोअर असतो, त्याला दाब तयार करता येतो. खरा फरक तो आहे, बाकी काच आणि दिवे शोभेचे.

सोडे_बटाटा

डक्टलेसबद्दल मी सांगतो, बंगळुरात भाड्याच्या घरात होती. त्यात धूर कोळशाच्या फिल्टरमधून जाऊन परत त्याच खोलीत येतो. तेलाचा चिकटा थोडा कमी होतो, वास सुरुवातीला कमी होतो, पण उष्णता आणि वाफ जशीच्या तशी. कोळशाचा फिल्टर धुता येत नाही, बदलावा लागतो. आपल्यासारखा स्वयंपाक असेल तर काही महिन्यांतच. घरमालकीण भिंतीला भोक पाडू देत नव्हत्या म्हणून सहन केली. स्वतःच्या घरात, हाताशी खिडकी असताना कुणी डक्टलेस घेत असेल तर त्याला आधी आमच्या घरी सोड्याची खिचडी खायला पाठवा. तीन दिवस शर्टाला वास येईल.

सुतारपक्षी

मी इंटिरिअरची कामं घेतो (नाशिक), त्यामुळे ट्रॉल्यांच्या माणसाच्या वतीने माफी मागून बोलतो.

प्लंबिंगच्या डक्टमध्ये चिमणीचं तोंड सोडू नका. त्या डक्टला वरखाली सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात. तुमच्या बोंबलाचा वास चौथ्या मजल्यावर अंघोळ करणाऱ्याला जाणार आणि तो टॉवेल गुंडाळून तुमच्या दारात येणार. शिवाय आतल्या पाइपांवर तेलाचा थर बसतो, पुढे प्लंबर आत उतरायला तयार होत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

खिडकीतून काढायचं तर वरच्या तावदानाची काच काढून तिथे ॲक्रिलिक किंवा एसीपीची (दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ थर असलेली) शीट बसवा आणि तिला गोल भोक पाडा. काचेलाच भोक पाडायच्या भानगडीत पडू नका. स्लायडिंग खिडकी असेल तर एक पल्ला कायमचा अडकतो, तो कुठला हे आधी ठरवा, नाहीतर सिंकसमोरची उघडणारी बाजूच बंद होते आणि मग रोज बोलणी बसतात.

भिंतीतून काढायचं असेल तर कोअर कटिंग (मशीनने गोल भोक) करून घ्या, छिन्नी-हातोडा नको. वीट किंवा ब्लॉकची भिंत असेल तर काम सोपं. बीमला, कॉलमला हात लावायचा नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो, कारण लोक विचारतात. आणि नवीन टॉवरवाल्यांनो, मायवान शटरिंगची (ॲल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून केलेली) इमारत असेल तर बहुतेक भिंती काँक्रीटच्याच आणि भार घेणाऱ्या असतात. तिथे बिल्डरच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय भोक पाडू नका. हल्ली बऱ्याच प्लॅनमध्ये चिमणीसाठी भोक ठेवलेलंच असतं, टाइल लावणारा ते बुजवून टाकतो. टाइल लागायच्या आधी फोटो काढून ठेवा.

सोसायटीचं पत्र घ्या. बाहेरच्या भिंतीवर काही दिसणार असेल तर सेक्रेटरी येतोच.

अण्णा_लातूर

आमच्या जुन्या वाड्याला माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत होतं. माळवदाला सानं, म्हणजे वर उघडणारं भोक. चुलीचा धूर सरळ सान्यातून वर, उजेड सरळ खाली. ना मोटर, ना सर्व्हिस, ना वॉरंटी. पावसाळ्यात तेवढं पालथं घमेलं ठेवायला कुणीतरी वर चढायचं. धूर वर जाणार हे आमच्या पणज्याला माहीत होतं. तुम्ही त्याला वरून खाली वळवून नऊ फूट आडवा नेताय आणि वर त्याचे पैसे देताय.

पमाकाकू_दादर

अण्णा, त्या चुलीपुढे बसणाऱ्या पणजीला विचारलंत का कधी? आमच्या आजीचे डोळे कायम लाल असायचे.

अण्णा_लातूर

काकू, हा मुद्दा बरोबर. पणजीचा खोकला पहाटे चारला सुरू व्हायचा, अख्ख्या वाड्याला जाग त्यानेच यायची.

अनुजा_डॉ

खोकल्याचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. प्रश्न फक्त चुलीचा नाही. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, आणि तेल खूप तापलं की जे सूक्ष्म कण उडतात ते थेट फुफ्फुसात खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये उच्च तापमानाला तळताना निघणाऱ्या धुराला 'कर्करोगास बहुधा कारणीभूत' अशा २अ गटात टाकलं आहे. घाबरवायला सांगत नाही. रोज चार पुऱ्या तळल्याने काही होत नाही. पण दम्याचा रुग्ण घरात असेल तर धूर बाहेर जाणं हा चैनीचा भाग राहत नाही.

वापराबद्दल दोन गोष्टी. तेल तापल्यावर नाही, गॅस पेटवतानाच चिमणी मंद वेगावर सुरू करा. आणि गॅस बंद केल्यावर आणखी दहा मिनिटं चालू ठेवा. शक्यतो मागचे बर्नर वापरा, पुढच्या बर्नरवरचा धूर निसटतो.

कोल्हापुरी_ठसका

आता जाळी की फिल्टरलेस यावर आमच्या घरचा अहवाल.

पहिली चिमणी बारीक जाळीची होती, ॲल्युमिनियमचे थर असतात ती. मे महिन्यात चटणीसाठी खोबरं, तीळ, कांदा, लसूण भाजणं सुरू झालं की जाळी आठ दिवसांत तुंबायची. सर्व्हिसवाला आला, त्याने जाळी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवली. तेल तर गेलंच, जाळीही काळी पडून पापुद्र्यासारखी झाली. ॲल्युमिनियमला कॉस्टिक खातं, हे शाळेत शिकलो होतो, पण तो माणूस इतक्या आत्मविश्वासाने काम करत होता की कुणी बोललंच नाही.

दुसरी घेतली ती बॅफलची. स्टीलच्या वाकवलेल्या पट्ट्या असतात. धूर वळणं घेत जातो, तेलाचे थेंब पट्टीवर आपटून खाली गळतात. तुंबत नाही, आवाज थोडा जास्त. धुवायला सोपी: उकळतं पाणी, भांड्याचा साबण, मूठभर खाण्याचा सोडा, अर्धा तास बुडवून ठेवायचं. दोन आठवड्यांनी एकदा केलं की झालं. मिरची भाजताना मात्र कुठलीही चिमणी पूर्ण पुरत नाही, ठसका लागतोच. मिरची गच्चीवर नेऊन भाजा.

फिल्टरलेस भावाकडे आहे. तिरकी काळी काच, दिसायला एकदम पॉश. त्यात ब्लोअर फिरतानाच तेल बाजूला फेकतो आणि ते वाटीत जमा होतं. धुवायला जाळी नाही हे सुख आहे. पण सगळं तेल ब्लोअरच्या घरातच बसतं, म्हणजे तिथे ऑटोक्लीन चैनीचं नाही, गरजेचं. वहिनी उंच आहेत, त्यांचं डोकं त्या काचेला लागत नाही हा मोठा फायदा. सरळ बॅफलच्या चिमणीला माझं कपाळ दर रविवारी भेटतं.

झब्बू_डबल

ऑटोक्लीन म्हणजे निव्वळ विकायचं तंत्र. बटण दाबलं, वाटीत चमचाभर काळं तेल आलं, झालं समाधान. जाळी स्वतःच धुवायची, पाइप स्वतःच साफ करायचा. मग ऑटो काय?

वातायन

झब्बू, अर्धं मान्य. आत एक तापणारी कॉइल असते, ती ब्लोअरच्या घरात बसलेलं तेल पातळ करते आणि ते वाटीत गळतं. काम तेवढंच, पण ते काम हाताने करायचं तर पूर्ण चिमणी उघडावी लागते. म्हणून बॅफलवाल्यांनी त्याच्यासाठी दोन-तीन हजार जादा मोजायची गरज नाही असं मला वाटतं, फिल्टरलेसवाल्यांनी जरूर मोजावेत. आणि ती वाटी रिकामी करायची असते! लोक विसरतात आणि एके दिवशी ते तेल आमटीत.

कोल्हापुरी_ठसका

बॅफलवाल्यांनाही हवंच. ब्लोअरपर्यंत तेल पोचतंच, पट्ट्या सगळं अडवत नाहीत. इथे साहेबांशी माझे मतभेद नोंदवून घ्यावेत.

नीलाक्षी_एडिसन

इथे अमेरिकेत उलट रड. बऱ्याच अपार्टमेंटमध्ये शेगडीवर मायक्रोवेव्ह आणि त्याच्या पोटात पंखा, तोही बऱ्याचदा धूर घरातच परत सोडणारा. हिंगाची फोडणी दिली की स्मोक अलार्म वाजतो. मग एक जण परतणार, दुसरा टॉवेल घेऊन अलार्मखाली वारा घालणार, असा आमचा सहकुटुंब स्वयंपाक.

स्वतःचं घर घेतल्यावर मोठा हूड बसवायला गेलो तर कळलं की मिनिटाला ४०० घनफुटांहून जास्त हवा ओढणारा हूड असेल तर तेवढी हवा आत येण्याचीही सोय करा, असं इथल्या निवासी बांधकाम नियमावलीत आहे, विशेषतः घरात हवा खेचून जळणारी गॅसची उपकरणं असतील तर. ४०० म्हणजे तासाला साधारण ६८० घनमीटर. भारतात १५०० चे आकडे ऐकून मला आधी वाटलं आपण फारच पुढे गेलो. वातायन यांचा हिशोब वाचून उलगडा झाला.

रेवती_म्युनिक

जर्मनीत तर घरात खोलीतली हवा घेणारी शेकोटी किंवा हीटर असेल आणि धूर बाहेर टाकणारा हूड असेल तर खिडकीला स्विच लावावा लागतो. खिडकी उघडल्याशिवाय हूड सुरूच होत नाही. पहिल्या हिवाळ्यात बटाटेवडे तळायला घेतले, बाहेर उणे आठ, खिडकी उघडी, मी कोट घालून झारा हलवतेय. मुलाने काढलेला फोटो आईने फॅमिली ग्रुपवर टाकला.

वातायन

नीलाक्षी, रेवती, तुम्ही दोघींनी मी विसरलेला मुद्दा आणलात, आणि आपल्याकडे तो जास्त महत्त्वाचा आहे.

जेवढी हवा बाहेर जाईल तेवढी कुठून तरी आत येणारच. सगळी दारं-खिडक्या बंद करून चिमणी लावली तर ती धापा टाकते. म्हणून दुसऱ्या बाजूची, हॉलची वगैरे, खिडकी थोडी उघडी ठेवायची. चिमणीजवळचीच खिडकी उघडू नका, वाऱ्याने धूर चिमणीखालून पळतो.

आता धोका. पुण्यात असंख्य फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी असते आणि तिथे गॅस गीझर टांगलेला. आपल्याकडचे बरेच गीझर धुराड्याशिवायचे असतात, जळालेला वायू तिथल्या तिथे सोडतात. ड्राय बाल्कनीला काचा लावून ती बंद केलेली असेल, घरातल्या बाकी खिडक्या लावलेल्या असतील आणि चिमणी फुल वेगावर असेल, तर ती हवा ओढणार त्या बाल्कनीतूनच, म्हणजे गीझरचा वायू सरळ स्वयंपाकघरात. ज्वलन अपुरं असेल तर त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना वास, ना रंग. बाथरूममध्ये गीझर असलेल्या घरांतल्या दुर्घटना आपण दर हिवाळ्यात वाचतो. गीझर आणि चिमणी एकाच वेळी चालवायची वेळ येत असेल तर बाल्कनीच्या काचा उघड्या पाहिजेत आणि मधलं दार बंद पाहिजे.

पमाकाकू_दादर

हे मात्र सुनेला वाचून दाखवलं. त्यांचा गीझर तसाच आहे. आज काचा काढायला माणूस बोलावतेय.

अनुजा_डॉ

याच्याच जोडीने: गॅस गळल्याचा वास आला तर "वास बाहेर जाऊ दे" म्हणून चिमणी किंवा एक्झॉस्ट लावायला धावू नका. स्विचची ठिणगी पुरेशी असते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली जमिनीलगत पसरतो, वरची चिमणी त्याला फारसा ओढतही नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, बाहेर पडून १९०६ ला फोन. लाइटचं बटण दाबायचं नाही, बंद करायलासुद्धा नाही.

फुकट_सल्लागार

धागा एकदम गंभीर झाला. मी आलो होतो बोंबलासाठी.

कबुतरांचं काय करायचं ते कुणीच बोललं नाही. आमच्या पाइपच्या तोंडाशी दरवर्षी संसार थाटला जातो. एप्रिलमध्ये चिमणी लावली की खिडकीबाहेर पिसं उडतात.

सुतारपक्षी

तोंडाला काऊल लावा, वर टोपी आणि आत हलकी झडप असलेलं. चिमणी चालू झाली की झडप हवेने उघडते, बंद झाली की आपोआप पडते. पावसाळ्यात वाऱ्याचा उलटा झोत येतो तोही अडतो, मुंबईत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे लागतंच. काही चिमण्यांच्या तोंडाशी झडप आधीच असते, ती मोकळी हलते ना हे बसवताना बघा, पुष्कळदा स्क्रू आत घुसून ती अडकलेली असते. मच्छरदाणीसारखी बारीक जाळी लावू नका, तेलाने महिन्याभरात बंद होते. अर्ध्या इंचाच्या घरांची जाळी कबुतराला पुरते.

आणि पाइपला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या. तेल आणि वाफेचं पाणी चिमणीत परत यायला नको.

झब्बू_डबल

सहा इंची पीव्हीसी का नको? आमच्या प्लंबरने तोच टाकलाय. गुळगुळीत, स्वस्त, तेल धरत नाही, आवाजही कमी.

वातायन

गुळगुळीत आहे हे खरं, हवेच्या दृष्टीने लवचीक नळीपेक्षा चांगलाच. पण कढईने पेट घेतला तर? आतलं तेल पेटलं की पीव्हीसी मऊ होऊन घातक धूर सोडतो. पत्र्याला तो प्रश्न नाही. फरक हजार-दीड हजाराचा. मी पत्राच सांगेन.

मंजिरी_ठाणे

बापरे, केवढे प्रतिसाद! सगळ्यांचे मनापासून आभार. काल सगळा धागा नवऱ्याला आणि सासूबाईंना वाचून दाखवला. पमाकाकूंच्या डासाच्या किश्श्यावर सासूबाई इतक्या हसल्या की त्यांनी आपला विरोध थोडा सैल केला. अट एकच, हात हलवून सुरू होणारी नको, खटक्याचं बटण हवं.

तर आता असं ठरतंय: शेगडी मोजली, ७८ सेंटिमीटर आहे, म्हणून चिमणी ९० ची. बॅफल फिल्टर, साधी बटणं, ऑटोक्लीन मिळालं तर ठीक. सक्शनच्या आकड्याकडे बघणं सोडलं. त्याऐवजी दुकानात तिन्ही वेगांवर चालू करायला लावली आणि आवाज ऐकला. एक चिमणी तिसऱ्या वेगावर इतकी किंचाळली की दुकानदारानेच पटकन बंद केली. खिडकीच्या वरच्या तावदानातून जीआय पाइप, दोन वळणं, दोन्ही ४५-४५ ची. ट्रॉल्यांच्या माणसाला डक्टचा नाद सोडायला लावला. तो म्हणाला, "ताई, तुम्ही कुठे इंजिनिअरिंग केलं?"

दोन प्रश्न उरले. कपाटांच्या वरून जाणारा पाइप तो प्लायने पूर्ण बंद करायचा म्हणतोय, करू दे का? आणि लाइटचा पॉइंट नेमका कुठे? वायरमन उद्या येतोय.

कोल्हापुरी_ठसका

आवाज दुकानात ऐकलात हे झकास केलंत. पण दुकानात पाइप नसतो. घरी आल्यावर आवाज बदलतो, हे डोक्यात असू द्या.

सुतारपक्षी

पाइप झाकू दे, पण प्लाय स्क्रूने किंवा चुंबकाच्या खटक्याने निघणारा हवा. खिळे ठोकून, वर लॅमिनेट चिकटवून बंद केला तर पाइपचा सांधा सुटलाय हे कपाटातल्या डब्यांवर तेल दिसेपर्यंत कळणार नाही. सांध्यांना कापडी टेप नको, ॲल्युमिनियमची टेप आणि वरून क्लॅम्प.

पॉइंट चिमणीच्या मधोमध, पाइपच्या मागे अजिबात नको, प्लग काढायला चिमणी उतरवावी लागते. बाजूला, मधल्या रेषेपासून फूटभर अंतरावर, जमिनीपासून सात फुटांच्या आसपास, म्हणजे वरच्या कपाटाच्या आत येईल. तीन पिनचा, अर्थिंग तपासलेला. त्याचा स्विच मात्र खाली, हाताला येईल असा, शेगडीच्या बाजूला पण बर्नरच्या वर नाही. वायर किती लांब आहे ते चिमणी निवडल्यावर लगेच विचारून घ्या, काही मॉडेलची वायर कपाटाच्या भिंतीपलीकडे पोचत नाही आणि मग एक्स्टेंशन बोर्ड लटकतो.

वायरमन आला की त्याला टाइलच्या माणसाच्या आधी काम करू द्या.